झाकलेला ऐब

दारू हराम, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. म्हणूनच मोहल्ल्यात कुणी पितो हे आपण कबूल करीत नाही. मग ज्याला सोडायची आहे, त्याने मदत मागायची कुणाकडे? दुसऱ्याचा ऐब झाकावा, हे खरेच. पण झाकणे वेगळे आणि वाऱ्यावर सोडणे वेगळे.

बुखारीतल्या एका हदीसमध्ये, पुन्हापुन्हा पिऊन शिक्षा भोगणाऱ्या माणसाला कुणी शाप देतो. पैगंबर (स.) त्याला अडवतात, या माणसाचे अल्लाह-रसूलवर प्रेम आहे, असे सांगतात. शिक्षा माफ झाली नाही, पण तो परकाही झाला नाही. आपण मात्र आधी गप्प बसतो आणि बोभाटा झाला की सोयरीक तोडतो.

नुसत्या कसमा घालून भागत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात कापतात, फिट येते, क्वचित जीवही जातो. तिथे डॉक्टरच हवा. पुण्यात ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हे काम करते. उपचार घेऊन परतलेल्याचे तोंड हुंगायला सगळे पुढे. इफ्तारला त्याला शेजारी बसवणारे थोडे. आणि तो पुन्हा घसरला, तर दुसऱ्यांदा घेऊन जायला बहुधा बायको एकटीच उरते.