मुक्या जिवाचा डोळा



हर्णेच्या बंदरात होड्या परतल्या की किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव सुरू होतो. त्या गर्दीत माणसांच्या पायांमधून वावरणारी मांजरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतील एखाद्याचा डोळा चिपडांनी चिकटलेला असतो, एखाद्याच्या डोळ्यावर फूल पडलेले असते. आपण पाहतो आणि पुढे जातो. पण तेच मांजर आपल्या पडवीत येऊन निजते, आपल्या मुलांच्या ताटाशी बसते. गोठ्यात बांधलेली शेळी तर सर्वस्वी आपल्याच हाती असते. त्यांच्या डोळ्यांविषयी आपल्याला विचारणा होणार नाही काय?

ईदुल-अजहा जवळ आली की आपण बकऱ्याचा डोळा फार बारकाईने पाहतो. ते योग्यच आहे. कुर्बानीच्या जनावराचे डोळे व कान नीट पारखून घेण्याचा आदेश प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे हजरत अली (रजि.) सांगतात. हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांच्या हदीसमध्ये कुर्बानीस न चालणारी चार जनावरे सांगितली आहेत. त्यांत पहिले आहे ते उघडपणे काणे असलेले. मग आजारी, लंगडे आणि हाडांचा सापळा झालेले. परंतु विचार करा, जो डोळा आपण ईदच्या आठवड्यात पारखतो, तो उरलेल्या वर्षभर कोणाच्या जबाबदारीवर असतो?

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बलदमध्ये अल्लाह मानवाला दिलेल्या दोन डोळ्यांची आठवण करून देतो. सूरह अल-अन्आमच्या अडतिसाव्या आयतीत भूमीवरील प्राणी व पंखांनी उडणारे पक्षी यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरासाठी तिरपे धरले आणि सांगितले की प्रेषितांनी (स.) मांजराला अपवित्र मानले नाही, ते तर आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. याउलट, मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस आपण जाणतो. तिने त्याला खाऊही घातले नाही आणि स्वतः शोधून खाण्यास मोकळेही सोडले नाही. यातील बोध स्पष्ट आहे. जो जीव आपण दावणीला बांधला, त्याची वाट आपण अडवली. तो वैद्याकडे स्वतः जाऊ शकत नाही, आणि डोळा दुखतो हे त्याला सांगताही येत नाही.

म्हणून त्याची भाषा आपण शिकली पाहिजे. डोळ्यातून सतत पाणी वाहणे, पिवळी वा हिरवट चिपडे येणे, एक डोळा मिटून धरणे, उजेड चुकवणे, पंजाने डोळा चोळणे, मांजराच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरकी तिसरी पापणी दिसत राहणे, बुबुळावर निळसर पांढरा पडदा येणे, ही सर्व त्याची गाऱ्हाणी आहेत. मांजराच्या पिल्लांचे डोळे बहुधा सर्दीच्या संसर्गाने चिकटतात. वयस्क मांजर एकाएकी भिंतींवर आदळू लागले, बाहुल्या मोठ्या राहिल्या, तर ते त्याच दिवशी दाखवावे. डोळा बाहेर आला, गळ किंवा काटा लागला, तर ओढून काढू नये. स्वच्छ ओल्या कापडाने डोळा झाकून तात्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे.

माणसांना जसे डोळे येतात तसेच शेळ्यांनाही येतात. माश्या, धूळ आणि दाटीवाटी यांमुळे ही साथ एका शेळीकडून दुसरीकडे जाते. अशी शेळी वेगळी व सावलीत बांधावी, चारा-पाणी तिच्या तोंडाजवळ ठेवावे, गोठा कोरडा राखावा. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळा हळुवार पुसावा, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस घ्यावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. वेळीच औषध मिळाले तर पुष्कळदा काही आठवड्यांत बुबुळ पुन्हा स्वच्छ होते.

येथे दोन चुका टाळाव्यात. काही ठिकाणी जनावराच्या डोळ्यात मीठ किंवा तंबाखूचे पाणी घालतात. तो उपचार नव्हे, ती यातना आहे. दुसरी चूक घरातील उरलेले थेंब घालण्याची. काही थेंबांत स्टेरॉइड असते. बुबुळावर जखम असेल तर त्याने ती चिघळते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. औषधोपचार करावा, प्रत्येक आजारावर अल्लाहने उपाय ठेवला आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. त्या उपायाचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडे जाणे हा तवक्कुलचाच भाग होय.

घरी वाढवलेल्या बकऱ्याच्या डोळ्यावर ईदच्या तोंडावर फूल पडले तर काय? हदीसमध्ये दोष ‘उघड’ असण्याची अट आहे. दृष्टी शाबूत असून किंचित झाक राहिली, तर ती गोष्ट वेगळी. हनफी ग्रंथांत एकेक डोळा झाकून, चारा दुरून जवळ आणत दृष्टी किती उरली हे पाहण्याची रीतही सांगितली आहे. कोकणात शाफई मसलक पाळणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या आलिमांना जनावर दाखवून निर्णय घ्यावा. मात्र असा बकरा दोष लपवून दुसऱ्याच्या गळ्यात मारणे हराम आहे. धान्याच्या राशीत आतली ओल लपवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) काय खडसावले होते ते स्मरावे. विकायचा असेल तर दोष सांगून विकावा. चार पैसे कमी येतील, पण त्यांत बरकत असेल.

आणि ज्याची दृष्टी गेलीच, त्या जिवाला रस्त्यावर सोडू नका. त्याची पाण्याची वाटी व निजण्याची जागा बदलू नका. जवळ जाण्यापूर्वी आवाज द्या. आंधळे मांजर घराचा कानाकोपरा वासाने व मिशांनी ओळखून सुखाने जगते. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, मग अशा जिवाची वर्षभर सेवा करणाऱ्याचे पुण्य वाया कसे जाईल?

आज संध्याकाळी गोठ्यात जाल तेव्हा शेळीच्या डोळ्यात एकदा निरखून पाहा. मुलांनाही सोबत न्या. दया हीही पाहून शिकण्याची गोष्ट आहे.

हे अल्लाह! आमच्या डोळ्यांना मुक्या जिवांचे दुःख पाहण्याची दृष्टी दे, आणि या अमानतीचा हिशेब आमच्यावर सोपा कर. आमीन.