हजेरी आणि होकार

विकासकामाच्या प्रस्तावात ‘लोकसहभाग’ हल्ली असतोच. गावात बैठक होते, सतरंजी अंथरतात, चहा फिरतो, सह्या-अंगठे घेतात, फोटो निघतात. पण एखादी म्हातारी ‘आम्हाला हे नको’ म्हणाली, तर ते लिहायचं कुठे? त्याला रकानाच नसतो.

असं न विचारणं नवं नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेव्हा किती माणसं उठणार याचा धड हिशेबही झालेला नव्हता. नर्मदाकाठच्या आदिवासींना विचारणं दूरच. आपल्या अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कितीतरी जमीन सातबाऱ्यावर नव्हती. वनखात्याच्या दप्तरी कसणारा ‘अतिक्रमणदार’. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्यात जमिनीला जमीन होती, पण ती खातेदाराला. ज्याचं नाव कागदावरच नाही, तो वॉशिंग्टनमधल्या बँकेला कुठून दिसणार? खरं सांगायचं तर तो मुंबईलाही दिसला नव्हता, आणि सगळा दोष परक्यांवर ढकलून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

लोक अडून बसले, तेव्हा बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमली. 1992 मध्ये समितीने बँकेचेच वाभाडे काढले: पुनर्वसनाचे स्वतःचे नियम बँकेने पाळले नव्हते. पुढच्या मार्चमध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. पैसे देणारा गेला, त्याच्याबरोबर त्याची देखरेखही गेली. धरण थांबलं नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अक्कलकुव्यातल्या मणिबेली गावात पाणी शिरलं. या साऱ्या प्रकरणात मला हेच सर्वांत बोचतं.

तरी या दऱ्याखोऱ्यांतल्या माणसांच्या लढ्याने जगाला एक गोष्ट मिळवून दिली. 1993 मध्येच बँकेला तपासणी मंडळ स्थापावं लागलं. बँकेच्या पैशाने होणाऱ्या कामाचा फटका बसलेले कुठल्याही देशातले लोक आपल्या सरकारला न विचारता थेट तिथे तक्रार करू शकतात. सतरंजीवर बसून माना डोलावण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे, कारण इथे जाब विचारता येतो.

मात्र मंडळ चौकशीची फक्त शिफारस करतं. चौकशी व्हावी की नाही, हे बँकेचे संचालक ठरवतात. त्यांच्या मताचं वजन मुख्यतः त्यांच्या देशांच्या भागभांडवलावर ठरतं. सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा आहे. बुडणाऱ्या गावाला तिथे मत नाही.