गाडी आपली, रस्ता सर्वांचा

अमेरिकेंत पिकअप ट्रक मूळच्यापेक्षां चार-सहा इंच उंच करून त्याला मोठीं चाकें बसविण्याचा छंद पुष्कळांना आहे. खडकाळ वाटेवर गाडीचें पोट घासूं नये, हा त्याचा मूळ हेतु. परंतु ही उंची नुसत्या लांब स्प्रिंगांनीं साधत नाहीं. सांगाडा वर गेला कीं चाकांना धरून ठेवणारे दांडे, स्टिअरिंगचे दुवे, मागील चाकांना गति देणारा दंड, या सर्वांचे कोन बदलतात. म्हणून हौशी मालक हे भाग कित्येकदां स्वतः आंखून, कापून व वेल्डिंगनें सांधून तयार करतो. या उद्योगास निव्वळ उधळपट्टी म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. बहुतेक माणसें आपल्या वापरांतील यंत्र उघडूनहि पाहत नाहींत. हा मनुष्य त्याचें अंतरंग जाणून घेतो, ही एक विद्याच आहे.

प्रश्न निराळाच आहे. आपल्या वस्तूंत हवा तो फेरफार करण्याचा अधिकार कोठवर चालतो?

समजा, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर 66 इंच व गुरुत्वमध्याची उंची 28 इंच आहे. अर्ध्या अंतरास उंचीनें भागिलें असतां सुमारें 1.18 हा आंकडा येतो. गुरुत्वमध्य चार इंच वर गेला, कीं तोच 1.03 होतो, म्हणजे वळणावर गाडी तितकी लवकर उलटूं शकते. हा धोका मालकानें समजून-उमजून पत्करला, तर आम्ही त्यास फारसा दोष देणार नाहीं. परंतु अमेरिकन नियमाप्रमाणें साध्या मोटारीचा बंपर जमिनीपासून 16 ते 20 इंचांच्या पट्ट्यांतील धक्क्यासाठीं पारखलेला असतो. ट्रकांना तो नियम लागू नाहीं. उंच ट्रकाचा बंपर त्या पट्ट्याच्या वरून जाऊन मोटारींतील माणसांपर्यंत पोहोंचूं शकतो. त्या माणसांची संमति कोणीं घेतली होती?

कायदा आहेच, असें कोणी म्हणेल. पुढचें टोक फार उंच व मागचें खालीं ठेवण्याच्या फॅशनीवर नॉर्थ कॅरोलिना राज्यानें 2021 सालीं बंदी घातली, हें खरें. पण कायदा उंची मोजूं शकतो. जोडाच्या पोटांत काय आहे तें त्यास दिसत नाहीं. वरून सुबक दिसणारें वेल्डिंग पोलादांत पुरतें मुरलेलें नसेल, तर तो जोड महिनेच्या महिने टिकेल आणि एखाद्या खड्ड्यांत, भर वेगांत, सुटेल. येथें परीक्षक एकच, आणि तो म्हणजे करणारा स्वतः. तशाच पोलादावर आधीं नमुन्याचा जोड घालून जो तो मधोमध कापून पाहतो, आणि कच्चा आढळल्यास जाणत्या कारागिराकडे जातो, त्याचें स्वातंत्र्य आम्ही मान्य करतों. कारण आपल्या जिवाचा धनी मनुष्य स्वतः असेल. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवाचा तो केवळ विश्वस्त आहे.