काटेरी झुडूप राजा कसे होते?



जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात एक गोष्ट आहे. रविवारच्या वाचनांत ती येत नाही, म्हणून आपल्यापैकी अनेकांना ती ठाऊक नसेल. अबीमलेख नावाच्या माणसाने आपल्या भावांची कत्तल करून राज्य बळकावले. त्यातून वाचलेला धाकटा भाऊ योथाम गरिज्जीम डोंगरावर चढला आणि तिथून त्याने लोकांना ही गोष्ट ओरडून सांगितली.

झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली. जैतून म्हणाला, मी माझे तेल सोडून कशाला येऊ? ती अंजिराकडे गेली. त्याला आपला गोडवा सोडायचा नव्हता. द्राक्षवेलीला आपला रस सोडायचा नव्हता. शेवटी झाडे काटेरी झुडपाकडे गेली. झुडूप लगेच तयार झाले, आणि वर धमकीही दिली की माझ्या सावलीत या, नाहीतर माझ्यातून आग निघेल आणि लबानोनचे गंधसरूसुद्धा जाळून टाकील.

ही गोष्ट राजांविषयी असली, तरी धार्मिक महाविद्यालयाचा नवा प्रमुख शोधण्याची वेळ येते तेव्हा आम्हाला ती हटकून आठवते. पदासाठी योग्य माणूस कोणता? ज्याला ते पद हवे आहे त्याला द्यावे, की जो नको म्हणतो त्याला? आणि भाविक माणूस निवडावा की कर्तबगार? हे प्रश्न वरवर कारभाराचे वाटतात, पण मुळात ते नीतीचे आहेत.

अमेरिकेत हे प्रश्न आज फार तीव्र झाले आहेत. तिथे कॅथोलिक संघांनी आणि प्रोटेस्टंट पंथांनी स्थापन केलेली लहान लहान कॉलेजे पुष्कळ आहेत. कॉलेजच्या प्रमुखाला तिथे प्रेसिडेंट, म्हणजे अध्यक्ष म्हणतात. आपल्याकडे प्राचार्य आणि संस्थाचालक यांच्यात वाटली जाणारी कामे तिथे बऱ्याच अंशी या एकाच माणसाच्या खांद्यावर येतात. शिक्षणाची दिशा, शिक्षकांचे प्रश्न, हिशेब, देणग्या असे सगळे त्याला पाहावे लागते.

एकेकाळी संघाचे वरिष्ठ एखाद्या फादरांना किंवा सिस्टरांना नेमत आणि त्या पदावर रुजू होत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक कॉलेजांचा कारभार प्रापंचिकांचा समावेश असलेल्या विश्वस्त मंडळांकडे गेला. संन्यस्तांची संख्याही घटत गेली. २००१ साली जॉर्जटाउन या जुन्या जेज्वीट विद्यापीठाला पहिला प्रापंचिक अध्यक्ष मिळाला. आता शोधसमिती बसते, जाहिरात निघते, अर्ज येतात, मुलाखती होतात. पूर्वी अंगावरचा झगा पाहून माणसाची निष्ठा गृहीत धरली जाई. आता ती विचारावी लागते, पारखावी लागते.

त्यातच पैशाची चणचण. फ्रान्सिस्कन सिस्टरांनी १९३७ साली सुरू केलेले मिलवॉकीचे कार्डिनल स्ट्रिच विद्यापीठ २०२३ मध्ये बंद झाले. १९५७ साली सुरू झालेले पेनसिल्व्हेनियातील कॅब्रिनी विद्यापीठ २०२४ मध्ये बंद झाले. अशा बातम्या वाचून शोधसमितीत बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येणारच. मग त्याला वाटते, श्रद्धेचे नंतर पाहू, आधी पैसा उभा करणारा माणूस आणू. शेजारी बसलेला दुसरा सभासद म्हणतो, पैसा देव देईल, आपण फक्त भक्तिमान माणूस शोधू. दोघांचाही हेतू चांगला असतो, आणि दोघेही अर्धेच बोलत असतात.

सातशे वर्षांपूर्वी संत थॉमस अक्विनास यांनी हाच प्रश्न बिशपपदाच्या संदर्भात हाताळला आहे. त्यांच्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात ते विचारतात : ज्याची निवड करायची तो इतरांपेक्षा अधिक चांगला असलाच पाहिजे का? आपल्याला वाटेल, संत माणूस याचे उत्तर सरळ 'होय' असे देईल. ते तसे देत नाहीत. सर्वांत पवित्र माणूस शोधणे हे निवडणाऱ्याचे काम नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. जो लोकांना शिकवू शकेल, त्यांचे रक्षण करू शकेल आणि शांततेने कारभार चालवू शकेल, असा माणूस त्याने शोधावा. एखादा मनुष्य प्रार्थनेत फार पुढे गेलेला असेल, पण त्याला हिशेब कळत नसेल आणि भांडण मिटवता येत नसेल, तर त्याला त्या खुर्चीत बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शिपायाचा पगार तीन महिने थकला, तर प्रमुखाच्या जपमाळेने त्याच्या घरची चूल पेटत नाही.

मग श्रद्धेचे काय? ती दुय्यम ठरते का? इथे थोडे थांबून विचार करायला हवा. योग्यता ही नेहमी कशासाठी तरी असते. चाकू चांगला की वाईट हे तो कापतो कसा यावरून ठरते. ज्या कॉलेजचे कामच श्रद्धा आणि बुद्धी यांना एकत्र नांदवण्याचे आहे, त्याच्या प्रमुखाच्या बाबतीत श्रद्धा हा त्याच्या पात्रतेचाच एक भाग आहे. गाता न येणारा माणूस गायनशाळेचा प्रमुख म्हणून कितीही व्यवहारचतुर असला, तरी तिथे काय बिघडले आहे हे त्याच्या कानाला कळणारच नाही. श्रद्धा नसलेला कर्तबगार प्रमुख इमारत वाचवील, पाटीवरचे संताचे नावही ठेवील, आणि आतले कॉलेज हळूहळू दुसरेच काहीतरी होऊन जाईल. म्हणून 'भाविक की कर्तबगार' हा प्रश्नच आम्हाला चुकीचा वाटतो. 'हे कॉलेज कशासाठी आहे?' हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधसमितीतील माणसांना एकमुखाने देता येत नसेल, तर त्यांनी अजून जाहिरात काढू नये.

ते उत्तर स्पष्ट असले की शोध किती वेगळा होतो, याचे एक उदाहरण पाहू. कॅलिफोर्नियात संत थॉमस यांच्याच नावाचे एक लहान कॉलेज आहे, थॉमस अक्विनास कॉलेज. काही प्रापंचिक शिक्षकांनी ते काढले आणि १९७१ साली तिथे पहिले विद्यार्थी आले. तिथे पाठ्यपुस्तके नाहीत. विद्यार्थी मूळ थोर ग्रंथ वाचतात आणि शिक्षकाबरोबर टेबलाभोवती बसून त्यावर चर्चा करतात. एप्रिल २००९ मध्ये त्या कॉलेजचे अध्यक्ष थॉमस डिलन यांचे आयर्लंडमध्ये मोटार अपघातात अकस्मात निधन झाले. बाहेरचा नामवंत प्रशासक आणण्याचा मोह अशा वेळी कोणालाही झाला असता. पण काही काळ संस्थापकांपैकी एकाने धुरा सांभाळली आणि नंतर तिथेच शिकवणारे मायकल मॅकलीन अध्यक्ष झाले. २०२२ साली त्यांच्यानंतर आलेले पॉल ओ'रायली हेही तिथलेच शिक्षक आणि तिथलेच माजी विद्यार्थी. ज्याने ते टेबल आतून ओळखले आहे त्याच्याच हाती ते द्यायचे, असा हा विचार आहे. प्रत्येक संस्थेने आतलाच माणूस घ्यावा असे यातून सिद्ध होत नाही. कधी कधी बाहेरचा वारा घरात येणे गरजेचे असते. पण आपण काय जपतो आहोत हे माहीत असलेल्या घरालाच खिडकी कुठली उघडायची ते कळते.

आदिख्रिस्तसभेनेही हेच केले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपावरून तक्रार उठते. काम पंक्तीत वाढण्याचे. तरीही प्रेषितांनी त्यासाठी नावलौकिक असलेली, आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली सात माणसे मागितली. वाढपाच्या कामालाही पवित्र आत्मा लागतो आणि पवित्र आत्मा असलेल्यालाही शहाणपण लागते, हे त्यांना ठाऊक होते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ती माणसे शोधण्याचे काम त्यांनी सगळ्या मंडळीवर सोपवले. संत बेनेडिक्ट यांनीही आपल्या मठांसाठी लिहिलेल्या नियमात महत्त्वाच्या प्रसंगी सर्वांना, अगदी वयाने लहान असलेल्यांनाही सल्ल्यासाठी बोलवावे असे सांगितले आहे. बंद दाराआड चार माणसांनी ठरवलेला प्रमुख कितीही चांगला असला, तरी पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते.

आता पद हवे असण्याचा प्रश्न. प्लेटोने म्हटले आहे की चांगल्या माणसांना सत्तेची हौस नसते. आपण नकार दिला तर आपल्याहून हलक्या माणसाची सत्ता सोसावी लागेल, या भीतीने ते पुढे येतात. ॲरिस्टॉटलने स्पार्टाच्या पद्धतीवर टीका केली, कारण तिथे पदासाठी स्वतः उभे राहावे लागे. त्याच्या मते योग्य माणसाला पद द्यावे, मग त्याची इच्छा असो वा नसो. येशू संघात अंतिम व्रते घेणारे धर्मगुरू तर आपण कोणत्याही पदाची हाव धरणार नाही असे वचनच देतात. हे सारे खरे मानले, तर आजची अर्जांची पद्धत नेमकी उलटी आहे. झाडे जैतुनाकडे जाण्याऐवजी जाहिरात लावून बसतात, आणि मग पहिला अर्ज काटेरी झुडपाचा आला म्हणून आश्चर्य करतात.

पण इथेही संत थॉमस आपल्याला टोकाला जाऊ देत नाहीत. मानासाठी पद मागणे वाईट, हे ते सांगतातच. मात्र अधिकाराने बोलावले असताना हट्टाने नकार देत राहणे हेही ते योग्य मानत नाहीत. त्यात शेजाऱ्यावरचे प्रेम कमी पडते. म्हणजे योथामच्या गोष्टीत दोष एकट्या झुडपाचा नाही. जैतुनाचे तेल चांगले होते, अंजिराचा गोडवा खरा होता. पण प्रत्येकाने आपापले सुख सांभाळले आणि जंगल आगीच्या तोंडी दिले. 'मला राजकारणात पडायचे नाही', 'आपण बरे आणि आपले काम बरे' असे म्हणणारा सज्जन शिक्षक पुढे वाईट प्रमुखाबद्दल कुरकुर करतो, तेव्हा त्या वाईट कारभारात त्याच्या नकाराचाही वाटा असतो.

हे सगळे दूरच्या देशाचे आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. भारतीय संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. २००६ साली केरळमधील मलंकरा सिरियन कॅथोलिक कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आवश्यक पात्रता असलेला प्राचार्य सेवाज्येष्ठता बाजूला ठेवूनही निवडण्याचा अधिकार अशा संस्थेला आहे. हा फार मोठा विश्वास आहे. संस्थेचा आत्मा ओळखणारा माणूस तिला निवडता यावा, म्हणून तो टाकलेला आहे. आपल्या गावचा, आपल्या आळीचा, आपल्या नात्यातला म्हणून कोणाला खुर्ची देण्याचा तो परवाना नव्हे. ज्या ज्येष्ठ शिक्षकाला डावलले जाते त्याला कारण विचारण्याचा नैतिक हक्क उरतोच, आणि ते कारण त्याच्या डोळ्यांत पाहून सांगता यायला हवे. तसेच आपल्या कॉलेजांत अन्य धर्मांची मुलेही मोठ्या संख्येने शिकतात. आपल्या श्रद्धेत खोल रुजलेला प्रमुख त्यांनाही न्यायाने वागवतो. उथळ श्रद्धाच इतरांना घाबरते.

माणसाची श्रद्धा तपासायची कशी? हृदय पाहणे देवाचे काम आहे, हे इशायाच्या थोरल्या मुलाच्या रूपावर भाळलेल्या शमुवेललाही शिकावे लागले. पण आपल्याला काही गोष्टी पाहता येतात. हाती थोडा अधिकार होता तेव्हा हा माणूस कसा वागला? ऑफिसातल्या कारकुनाशी, नापास झालेल्या मुलाशी तो कसा बोलतो? त्याच्या हिशेबाच्या वह्या कोणालाही दाखवता येतील अशा आहेत का? आपल्या विरोधात बोललेल्या माणसाला त्याने नंतर कसे वागवले? मुलाखतीतल्या गोड उत्तरांपेक्षा या प्रश्नांची उत्तरे अधिक खरी असतात.

आपल्यापैकी कोणी शाळेच्या समितीवर आहे, कोणी पतपेढीत, कोणी पॅरिश कौन्सिलवर. निवडण्याची पाळी कधी ना कधी प्रत्येकावर येते, आणि कधी निवडले जाण्याचीही. निवडायची वेळ येईल तेव्हा झाडांनी कशासाठी राजा शोधला होता, हे आधी स्वतःला विचारू या. आणि दारावर टकटक आपल्यासाठी झाली, तर आपले तेल, आपला गोडवा, आपला रस नक्की कोणासाठी राखून ठेवायचा आहे, याचे उत्तर प्रभूसमोर प्रामाणिकपणे देऊ या.