टोपलीच्या तळाची संत्री

शास्त्रपाठ : आमोस ८:१-७, लेवीय १९:३५-३६



आम्हां पांढुर्णा-सौंसरच्या लोकांकडे संत्र्याचे दोन बहार येतात. आंबियाची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या दिवसांत टोपली भरताना आपला विश्वास कसोटीला लागतो. वर मोठी, पिवळीधमक फळे आणि खाली चुरी. ही रीत कोणाला नवी आहे?

आमोस संदेष्टा आपल्यासारखाच झाडांचा माणूस. तो तकोवाचा मेंढपाळ होता व उंबराच्या झाडांची निगा राखीत असे. देवाने त्याला पिकलेल्या फळांची टोपली दाखवली. आणि त्याच अध्यायात माप लहान करणाऱ्या, खोटा तराजू धरणाऱ्या व गव्हाबरोबर भूस विकणाऱ्या लोकांवर दोष ठेवला. ते लोक शब्बाथ पाळीत होते. पण तो केव्हा संपतो व विक्री केव्हा सुरू होते, एवढेच त्यांच्या मनात होते. आपणही मंदिरात बसून तेच करीत नाही काय?

कोणी म्हणेल, "सगळेच असे करतात, चुरी वेगळी काढली तर आमचेच नुकसान." ही अडचण खोटी नाही. पहिल्या बाजारी पैसे कमी हाती येतील. पण गिऱ्हाईक घरी जाऊन टोपली उपडी करते, आणि पुढच्या बाजारी आपली जागा शोधत येते किंवा टाळून जाते. म्हणून फळ दव सुकल्यावर तोडावे. ओढले तर साल देठाशी फाटते व फळ सडते, म्हणून कात्रीने कापावे. मोठी, मध्यम व चुरी वेगळी मांडून प्रत्येकीचा भाव उघड सांगावा. वजने शिक्क्याची असावीत.

तरी गिऱ्हाईक टिकावे एवढ्याचसाठी खरेपणा नव्हे. लेवीयात खऱ्या वजनमापांची आज्ञा देताना देव आपल्या लोकांना मिसर देशातून झालेल्या सुटकेची आठवण देतो. ज्याला सुटका फुकट मिळाली, त्याने शेजाऱ्याला लुबाडू नये. प्रभू येशूने आपल्या अंतःकरणाचा तळ पाहिला, तरी आपल्याला टाकून दिले नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येत्या रविवारी संत्र्यांची टोपली वर्गात न्यावी, मुलांसमोर उपडी करावी आणि मग आमोसाचा पाठ वाचावा. आपण मोठ्यांनी बाजाराला निघताना एवढीच प्रार्थना करावी : प्रभो, आमचे जे वर दिसते तेच तळाशी असू दे. आमेन.