मधला स्लॅब

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या एका गल्लीत 1986 साली बांधलेली एक सोसायटी आहे. तळमजला अधिक चार मजले, मजल्यावर चार बिऱ्हाडं, सगळी वन बीएचके, लिफ्ट नाही. तिथे माणसांना आडनावापेक्षा फ्लॅटच्या नंबरानेच जास्त ओळखतात. "दोनशेतीनवाल्यांकडे पाहुणे आलेत", "चारशेएकची मुलगी यंदा दहावीला". तेव्हा या गोष्टीतही नंबरच चालवून घ्या.

203मध्ये बँकेतून निवृत्त झालेले साहेब, त्यांच्या बरोबर वर 303मध्ये शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. तीस-पस्तीस वर्षांचा शेजार. दिवाळीला फराळाची ताटं जिन्याने खाली-वर जायची, गणपतीच्या आरतीला टाळ एकाच्या हातात, तर ताम्हन दुसऱ्याच्या. मग एका जुलैत 203च्या बाथरूमच्या छताला कोपऱ्यात ओल धरली. ऑगस्टात पोपडे सुटले आणि सप्टेंबरात प्लॅस्टरचा ताटलीएवढा तुकडा बादलीत पडला. सुदैवाने बादलीतच.

साहेब वर गेले. म्हणाले, "मास्तर, तुमचं बाथरूम गळतंय."

मास्तर म्हणाले, "शक्यच नाही. गेल्याच वर्षी सगळ्या फरशा बदलल्यात. गुजरातचा माल आहे."

दार लागलं ते तीन वर्षं उघडलं नाही.

साहेबांनी सोसायटीला पत्र दिलं. सेक्रेटरींनी महिन्याने उत्तर पाठवलं: उपविधींनुसार संडास, बाथरूम, सिंक यांतली अंतर्गत गळती ही संबंधित सभासदाची जबाबदारी आहे, सबब दोघांनी आपापसांत मिटवावे. उत्तर खोटं नव्हतं. त्याच उपविधींत तिथेच जवळ लिहिलंय की बाहेरच्या सामायिक नळवाहिनीतून किंवा ड्रेनेजच्या पाइपातून गळत असेल, तर खर्च सोसायटीचा. तेवढं मात्र पत्रात आलं नाही. सोसायटीच्या पत्रांत सोयीचं अर्धं वाक्य उचलण्याची कला सेक्रेटरी लोक कुठे शिकतात देव जाणे.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण वन बीएचके घेणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ती ठाऊक नसते. घर आपण 'विकत घेतलं' म्हणतो, पण सहकारी सोसायटीत इमारत सोसायटीची असते. आपल्याकडे असतो तो राहायचा हक्क आणि कपाटातल्या फायलीत ठेवलेलं शेअर सर्टिफिकेट. या इमारतीत ते पन्नास रुपयांच्या पाच शेअर्सचं आहे, म्हणजे अडीचशे रुपयांचं. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकींनी 1915 साली गावदेवीला सारस्वत सोसायटी उभी केली, तेव्हापासून हिशोब असाच आहे: एकट्याला न परवडणारं घर सगळ्यांनी मिळून उभं करायचं आणि सगळ्यांनी मिळून सांभाळायचं. मास्तरांची फरशी मास्तरांची, साहेबांचं छताचं प्लॅस्टर साहेबांचं. मधला पाच इंची स्लॅब मात्र वीसही जणांचा.

तो स्लॅब तीन वर्षं पाणी पीत राहिला.

साहेब बँकेतले, त्यामुळे त्यांनी वही घातली. तारीख, वेळ, मिनिटाला किती थेंब, शेवटी सही. दर तिमाहीला तिच्या झेरॉक्स कमिटीला, आणि एक प्रत 303च्या दाराखालून आत. मास्तर शाळेतले, त्यामुळे त्यांनी ती प्रत लाल पेनाने तपासली. '11 ते 14 मे : आम्ही सहकुटुंब कोल्हापूरला लग्नाला होतो. घर बंद. तरी मिनिटाला बारा थेंब? खोटी नोंद.' हे पानही कमिटीकडे गेलं. सेक्रेटरींनी दोन्ही कागद एकाच फायलीत एकावर एक लावले. दोन्ही खरे होते. शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचले असते, तर प्रकरण त्याच दिवशी मिटलं असतं. पण एकाला वहीतून गुन्हा सिद्ध करायचा होता आणि दुसऱ्याला त्याच वहीतून निर्दोष सुटायचं होतं.

बाकीची अठरा बिऱ्हाडं काय करत होती? मजा बघत होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. मध्यस्थीचे प्रयत्न झाले, दोघांनाही समजावून झालं, "तुम्ही तरी मोठेपणा घ्या" हे वाक्य दोन्ही मजल्यांवर सारख्याच प्रेमाने बोलून झालं. पाइपांच्या डक्टचं दार उघडून बघू या, असं मात्र कुणी म्हणालं नाही. डक्टमध्ये दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर पिंपळाचं चांगलं हातभर रोप आलेलं प्रत्येकाला खिडकीतून दिसत होतं. पिंपळ तोडायचा कसा, हा एक प्रश्न. तोडायला परांची बांधावी लागेल, तिचे पैसे कोण देणार, हा दुसरा, आणि खरा. गळती दोन घरांमधली असेल तर खर्च दोन घरांचा; डक्टमधली निघाली तर वीस घरांचा. भांडण दोघांचंच राहणं अठरा जणांना परवडत होतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. ठरवावं लागत नाही.

कोंडी फोडली 303मधल्या काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला त्यांनी सहज विचारलं, "बाबा रे, बघ तरी आमचं बाथरूम खरंच गळतं का." तो म्हणाला, नुसतं वरून बघून कळत नाही, खालून पण बघायला लागतं. मास्तर वाचनालयात गेले होते. काकू प्लंबरला घेऊन सरळ जिना उतरल्या आणि 203ची बेल वाजवली.

प्लंबरने छत बघितलं. गंजून फुगलेल्या दोन सळया बाहेर डोकावत होत्या. मग त्याने वही मागितली. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून काकूंनी वेळा वाचून दाखवल्या. सकाळी साडेसहा ते आठ, सकाळी साडेसहा ते आठ, रविवारी नऊनंतर. तो हसला. "काकी, उस टाइम पे तो पूरी बिल्डिंग नहाती है."

तरी त्याने पक्की खात्री करायचं ठरवलं, आणि अट घातली: वरचे आणि खालचे दोघंही एकाच वेळी घरात पाहिजेत. रविवार ठरला. 303च्या नहाणी ट्रॅपमध्ये फडक्याचा बोळा कोंबला, बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवलं आणि त्यात रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग कालवला. मास्तर वर पाण्याची राखण करत उभे, साहेब खाली स्टुलावर टॉर्च घेऊन. एक तास गेला, दोन गेले. छतातून गुलाबी थेंब पडेना. साहेबांची मान आखडली, पण स्टूल सोडायला ते तयार नव्हते. तिसरा तास सुरू झाला आणि 403मधल्या वॉशिंग मशीनने पाणी सोडलं. छताच्या कोपऱ्यात, पाइप भिंतीलगत जातो तिथे, आधी एक बुडबुडा आला. मग पांढरा फेस. मग टपटप.

साहेबांनी हाक मारली, "मास्तर, खाली या. फेस आलाय."

मास्तर आले. दोघं स्टुलाशेजारी उभे राहून चारशेतीनच्या साबणाचा फेस बघत राहिले. प्लंबर 303च्या बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये उतरला. बिडाच्या पाइपचा स्लॅबलगतचा सांधा पिंपळाच्या मुळीने फोडला होता, आणि तिथून वरच्या घरांचं सांडपाणी भिंतीत मुरत होतं.

त्यानंतर बोलावलेल्या विशेष सभेत जुनी मिनिट्स निघाली. ओल धरण्याच्या दोन वर्षं आधी डक्ट साफ करून जुना पाइप बदलायचं अठरा हजारांचं कोटेशन आलं होतं. त्यासाठी दुरुस्ती निधी वाढवायचा ठराव होता. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का घ्यायला हवा, इथे त्याच्या निम्माही घेतला जात नव्हता. ठराव पडला. इमारत तीस वर्षांवरची, तिचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तो विषयही 'पुढील सभेत' ढकलला होता. विरोध करणाऱ्यांची नावं लिहिलेली होती. 203 आणि 303 एकाखाली एक. त्या सभेत दोघं शेजारी बसले होते आणि मेंटेनन्स वाढवण्याविरुद्ध मास्तरांनी केलेल्या भाषणाला साहेबांनी अनुमोदन दिलं होतं. ते पान साहेबांनी स्वतः उठून वाचून दाखवलं, आपल्या नावासकट.

आता पाइप, तीन मजल्यांवरची भिंत, सळया, स्लॅब आणि परांची मिळून अंदाज तीन लाख वीस हजारांचा होता. घरटी सोळा हजार. तळमजल्यावरचे 002वाले उभे राहिले. "आमच्याकडे काही गळत नाही. आम्ही का द्यायचे?"

सभेत शांतता पसरली, कारण हाच प्रश्न गेली तीन वर्षं सगळ्यांच्याच मनात होता. सेक्रेटरींनी उपविधींचं पुस्तक काढलं आणि या वेळी तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचला.

ठराव एकोणीस विरुद्ध एक असा मंजूर झाला. काम मे अखेर, पावसाच्या तोंडावर पुरं झालं. पैसे चार हप्त्यांत घेतले. एकोणीस घरांचे आले आहेत. 002चे आलेले नाहीत, आणि थकबाकीवर दरसाल 21 टक्क्यांनी व्याज चालू आहे.