नांगे

तात्यांनी ठाण्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंग काढली. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी कागद बाजूला टाकून नवा घ्यायचा, ही तिथली शिस्त. ती योग्यच होती; एका चुकलेल्या रेघेवरून शंभर चुकलेले भाग निघतात. निवृत्त होऊन ते कर्जतजवळच्या गावी आले आणि वडिलांची भातखाचरं स्वतः करायला घेतली. शिस्तही सोबत आलीच. शेजारचं खाचर चुलत्यांचं. ते वारल्यापासून काकीच बघायच्या.

मृग लागला तसं दोघांनी एकाच दिवशी राबावर भात पेरलं. कर्जत-३, हळवी जात. हळव्या भाताचं रोप 21 ते 25 दिवसांत लावावं, हे कृषी केंद्रातला माणूसही सांगतो आणि गावातली म्हातारीही. कारण साधं आहे. वाफ्यात दाटीनं उभ्या रोपाला फुटवे येत नाहीत, पण त्याचं वय वाढतच असतं. उशिरा लावलं तर फुटवे धरायचे दिवस बरेचसे सरलेले असतात, आणि भात आपल्या वेळेला पोटरीत यायला निघतं. मालकाची तयारी झाली का, हे ते विचारत बसत नाही.

पाऊस चांगला लागला. काकींनी चिखलणी केली, फळी फिरवली आणि माणसं घेऊन दोन दिवसांत लावणी उरकली. ओळी अंदाजानं धरलेल्या. काही चूड तिरके, खालच्या कोपऱ्यात पाणी जरा जास्त.

चिखलणी तात्यांनीही केली. मग बांधावर उभं राहून पाहिलं, तर एका टोकाला पाणी दोन बोटं, दुसऱ्या टोकाला चार. पुन्हा फळी फिरवली. आता मधेच उंचवटा दिसायला लागला. पॉवर टिलरवाल्याला परत बोलावलं. त्यानंतर मात्र तो फोन उचलेना. मग बांध वाकडा वाटला म्हणून तो नीट केला. मग सुतळीला मोजून गाठी मारल्या.

दोरी धरून लावणं हे काही खूळ नव्हे. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत तर 15 आणि 25 सेंटीमीटरची अंतरं आळीपाळीनं सांगितली आहेत, आणि त्याला कारण आहे : चार चुडांच्या चौकोनात मधोमध खताची ब्रिकेट खोचायची असते. तात्यांना ब्रिकेट खोचायचीच नव्हती. त्यांना बांधावरून ओळ सरळ दिसायला हवी होती. लावणीला आलेल्या बायकांनी सकाळी लावलेल्या रांगा दुपारी त्यांना वाकड्या दिसल्या, तेव्हा त्यांनी त्या उपटायला सांगितल्या. लावणीच्या दिवसांत ज्या माणसांसाठी लोक आदल्या रात्री घरोघर फिरतात, त्यांना केलेलं काम उपटायला लावणं म्हणजे काय, हे गावात कुणीही सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

आठ-दहा दिवसांनी काकी जुड्या घेऊन पुन्हा आपल्या खाचरात उतरलेल्या दिसल्या. तात्या बांधावर गेले. बांधालगतची रोपं खेकड्यांनी कापली होती, खोल पाण्यातले काही चूड उपटून तरंगले होते, काही नुसतेच बसले होते. अशा मोकळ्या पडलेल्या जागांना नांगे म्हणतात. ते भरायला म्हणून काकींनी लावणीच्या दिवशीच काही जुड्या खाचराच्या कोपऱ्यात पाण्यात रोवून ठेवल्या होत्या.

"काकी, पहिल्यांदाच जरा नीट लावलं असतंस तर परत चिखलात उतरावं लागलं नसतं."

काकी वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, "कुठलं रोप धरणार नि कुठलं जाणार, ते लावल्याबिगर कसं कळायचं? तुझ्यात कुठं नांगा पडलाय, दाखव बघू."

तात्यांच्या खाचरात नांगा दिसणार कसा? पाच-सात रांगा सोडल्या तर अजून लावणीच नव्हती.

शेवटी माणसं मिळाली तेव्हा रोपांना चाळीस दिवस उलटून गेले होते. ती लांबडी, पिवळट झाली होती, पेरं धरायला लागली होती. शेंडे खुडून लावावी लागली. लावणी मात्र अशी सुरेख झाली की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. तात्यांनी फोटो काढले, कारखान्यातल्या जुन्या मित्रांना पाठवले. मित्रांना फारच आवडले. भाताच्या फोटोत फुटवे मोजायचे असतात हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? काकींच्या एकेका चुडात दहा-बारा फुटवे होते. तात्यांच्या सरळ ओळींत चार, फार तर पाच. झोडणी झाली तेव्हा काकींच्या निम्म्यानंही भात भरलं नाही, आणि त्यातही पोचट बरंच निघालं.

पुढच्या वर्षी तेविसाव्या दिवशी तात्यांच्या खाचरात बायका उतरल्या. दोरी होती, पण ती कडेच्या पहिल्या रांगेपुरती. पाणी याही वर्षी एका टोकाला जास्तच होतं. तात्या मधेच एकदा बांधावर जाऊन उभे राहिले, डोळे बारीक केले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग जुड्या पुरवायला परत चिखलात शिरले. संध्याकाळपर्यंत निम्मं शिवार हिरवं झालं. दुसऱ्या दिवशी उरलेलं.

आठवड्यानं ते काकींच्या पडवीत येऊन बसले. चहा झाला, पावसाची चौकशी झाली.

"खेकड्यांनी यंदा बरंच कापलंय," तात्या म्हणाले. "नांगे भरायचेत."

"मग भर की."

"रोपंच नाहीत. सगळी लावून टाकली. म्हटलं, एवढ्या निगुतीनं लावलंय, जाईल कशाला एकही?"

काकी हसल्या. "माझ्या कोपऱ्यात आहेत, त्यातल्या दोन जुड्या ने. पण पुढच्या साली चार राखून ठेव."

"चार? माझ्यात एवढे नांगे पडतील?"

"तुझ्यात पडतीलच. आणि माझ्यात जास्त पडले तर मी कुणाच्या पडवीत जाऊन बसू?"